कानाने मीटर घेणारे वानखेडेभाऊ

आमच्या समोरच्या दारातले वानखेडेभाऊ मीटर डोळ्यांनी बघत नाहीत, कानाने बघतात. दुकानात गेले की मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवायच्या, डोळे मिटायचे आणि मान तिरकी करून ऐकायचं. गवई पेटी घेताना ऐकतो ना, तस्सं. मग मीटर हळूच काउंटरवर ठेवून म्हणणार, "उशिरा बोलते जी हे."

आता मीटर म्हणजे काय, तर तळहाताएवढा डबा. त्याला एक लाल वायर, एक काळी. त्या तारेच्या दोन टोकांना लावायच्या आणि तार आतून अखंड असली की तो "पीं" करतो. मला एवढंच कळतं, आणि तेही भाऊंच्या शेजारी राहून.

भाऊ मूळचे वर्ध्याकडचे. हडपसरच्या कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं, आता बिबवेवाडीत आमच्या मजल्यावर. रिटायर झाल्यावर लोक फिरायला जातात, हे तारा जोडायचं सोल्डरिंग घेऊन बसले. कुणाचा रेडिओ उघड, कुणाचा पंखा उघड. माझी दारावरची बेल दुरुस्त करून दिली, तर ती दूधवाला खाली पोचला तरी वाजतच राहिली. मी तक्रार केली, तर म्हणतात कसे, "इतकी वर्षं घसा दाबून होती जी ती. वाजू द्या जराशी."

सुमनवहिनींना विसरण्याचा आजार झाला, तेव्हा या नादाला काम मिळालं. वहिनी उठायच्या आणि चालू लागायच्या. कुठे, ते त्यांनाही ठाऊक नसायचं. भाऊंनी तेलाच्या डब्याचे पत्रे कापले आणि पलंगाशी पायपुसण्याखाली ठेवले. वहिनींचा पाय पडला की पत्रे एकमेकांना टेकणार आणि स्वयंपाकघरात बेल वाजणार. रोज सकाळी भाऊ मीटर लावून तारा तपासायचे. "पीं" झालं की मगच चहा.

एके सकाळी पीं झालं, चहा झाला, आणि बेल काही वाजली नाही. भाऊ आत लसूण सोलत बसलेले. वहिनी अनवाणी निघाल्या त्या मार्केट यार्डापर्यंत गेल्या. आम्ही सगळी सोसायटी शोधत होतो. संध्याकाळी सापडल्या, एका फुलवाल्या बाईने गोणपाटावर बसवून ठेवल्या होत्या. टाचेत काच, अंगात साखर. ती जखम भरेचना.

भाऊ मला त्याबद्दल एकदाच बोलले, जिन्यात, हातात भाजीची पिशवी.

"तारांची एक जोड कच्ची होती, ताई, धड चिकटलेली नव्हती. स्वस्तातलं मीटर कच्च्या जोडीलाही पीं म्हणते. जोड किती कच्ची त्याचा आकडा दाखवत होतं, पण मला चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा आतल्या खोलीत. आणायला उठलो नाही."

मी त्यांची पिशवी घेतली आणि पुढे चढू लागले.

त्यानंतर त्यांनी ती कच्ची जोड कापून औषधाच्या रिकाम्या डबीत घातली आणि खिशात ठेवली. जे मीटर त्या जोडीला पीं करणार नाही, तेच घ्यायचं. आणि घ्यायचं स्वस्तातलंच, कारण पेन्शन सगळी ड्रेसिंगात आणि इन्सुलिनमध्ये जायची. तोवर बेल बंद. "मीटर मिळेपर्यंत बेल मीच," म्हणाले, आणि पलंगाशेजारी स्टूल टाकून बसले. जेवण तिथेच, झोपही तिथेच, बसल्या बसल्या. विहारातल्या बायका भेटायला आल्या, तर त्यांच्याशी बोलतानाही एक हात वहिनींच्या पदरावर.

माझ्या सुनेने मोबाइलवरून मीटर मागवून दिलं. कच्च्या जोडीला पीं. परत. दुसरं, परत. तिसरं, परत. चौथ्या वेळी कुरियरवाल्याने दारातच विचारलं, "काका, थांबू का? लगेच घेऊन जातो."

शेवटी सुनेला वहिनींपाशी बसवून मी त्यांच्याबरोबर बुधवार पेठेत गेले. भाऊंनी डबी उघडली आणि दुकानदाराने कपाळावर हात मारला. ओळख जुनी असणार.

"आजोबा, मीटर घ्यायचंय की पोपट?"

"खरं बोलणारं पाहिजे."

"मग पुण्यात कशाला आलात?"

मला हसू आवरेना. भाऊ मात्र गंभीरपणे एकेक मीटर लावत होते. पीं. पीं. पीं. दुकानदाराने वैतागून माळ्यावरून एक धुळकट, बेढब मीटर काढलं. "हे कोणी घेत नाही. दिवा नाही, दिसायलाही चांगलं नाही." भाऊंनी कच्ची जोड लावली. आवाज नाही. चांगली तार लावली. पीं, लगेच. पुन्हा कच्ची. गप्प. असं दहा वेळा केलं असेल. मागे गिऱ्हाइकं ताटकळली.

"उद्याही असंच खरं बोलेल ना हे?" भाऊंनी विचारलं.

"आजोबा, उद्याची खात्री मी बायकोचीही देत नाही."

गिऱ्हाइकं हसली. भाऊ हसले नाहीत. पैसे देऊन मीटर छातीशी धरून बाहेर पडले. रिक्षात मी काहीबाही बोलत राहिले, मंडईतल्या भाजीच्या दरांबद्दल, उन्हाबद्दल. ते डबीशी चाळा करत बसले.

बेल पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी भाऊ कितीतरी आठवड्यांनी पाठ टेकून झोपले.

पण बेल वाजायची वेळच आली नाही. आठवडाभरात वहिनींना ताप भरला. पायाची दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यातून आल्या त्या स्ट्रेचरवरूनच, आणि पलंगावर ठेवल्या तशाच राहिल्या. कूस बदलायलाही दोघं लागतात. डॉक्टरांनी भाऊंना दारापाशी नेऊन सांगितलं, मी तिथेच होते, की आता यांचं चालणं संपलं.

परवा सकाळी मी पेज घेऊन गेले. वहिनी छताकडे बघत पडलेल्या. भाऊ जमिनीवर गुडघे टेकून बसलेले, पायपुसणं उलटं केलेलं, एकेका जोडीला मीटर लावत होते. पीं. पुढची. पीं. मला ते बघवेना.

"भाऊ, आता कशाला हो हे? वहिनी कुठे जाणारेत आता?"

त्यांनी मान वर केली नाही. पायपुसणं सरळ केलं आणि पलंगाच्या आणखी जवळ सरकवलं, वहिनींचा पाय खाली आला तर बरोबर त्यावर पडेल असं.

"उठल्याच जी एखाद्या वेळी," ते म्हणाले, "तर मला कळायला नको?"