तपकिरी गालिचा

गालिचेवाल्याने गालिचे साफ करायचं यंत्र तिसऱ्या मजल्यावर आणून टेकवलं, तेव्हा त्याचा श्वास अजून दुसऱ्या मजल्यावरच होता. एका हाताने सहज उचलता येतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. त्या दुकानदाराचा हात एकदा बघायला हवा, असं मनात म्हणत त्याने बेल वाजवली.

दार काकांनी उघडलं. काका नुकतेच निवृत्त झाले होते आणि रोज घरातली एकेक वस्तू सुधारायच्या मागे लागले होते. आज बैठकीतल्या गालिच्याची पाळी होती. काकू डोळे तपासायला गेल्या होत्या. चार वाजता काकूंची थोरली बहीण चहाला येणार होती. त्याच्या आत गालिचा चकाचक करून काकूंना चकित करायचं, असा काकांचा बेत होता.

"गालिचा न्यावा नाही लागणार ना?"

"नाही काका. आता यंत्रच घरी येतं. पण याची धूळ शेवटची कधी काढली होती?"

"रोज झाडतो की!"

"वरून."

"मग काय खालून झाडायचा?"

"हो," गालिचेवाला म्हणाला आणि कामाला लागला.

पंधरा वर्षं त्याने हेच केलं होतं. त्याने आधी फरशीवर प्लास्टिकचा मोठा कागद अंथरला, त्यावर गालिचा पालथा घातला आणि यंत्र सुरू केलं. यंत्राच्या पोटातल्या रबरी पट्ट्या गालिच्याच्या पाठीवर धपाधप थापट्या मारू लागल्या. पाच मिनिटांनी त्याने कडा उचलून दाखवली. खाली पिठासारखी मऊ धूळ साचली होती.

"बाप रे! एवढी?"

"ही वरवरची. खरी अजून आत आहे."

काकांना या कामात भलताच रस वाटू लागला. दर खेपेला ते धूळ सुपलीने पिशवीत भरत आणि वजनकाट्यावर ठेवत. "दोन किलो!" मग थोड्या वेळाने, "साडेतीन!" शेजाऱ्यांना बोलवायचंही त्यांच्या मनात आलं, पण धूळ कोणाच्या घरची निघाली याचा विचार करून ते गप्प बसले.

अर्धं काम झाल्यावर गालिचेवाल्याने गालिचा उलटला. तपकिरी रंग निम्म्या भागातून पार नाहीसा झाला होता. तिथे डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग होता आणि त्यावर निळ्या बदकांची रांग चालली होती. उरलेला अर्धा मात्र चिखलासारखा तपकिरीच होता. पाठीवरून गालिचेवाल्याला लाल रंगाची आणि बदकांची पुसट चाहूल लागली होती, पण रंग इतके खुलतील असं त्यालाही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात काकू आल्या. एक चप्पल पायात आणि एक हातात, अशा त्या दारातच थबकल्या.

"बघ! ओळख पाहू!" काका म्हणाले.

काकूंनी ओळखलं होतं. त्यांचा चेहराच सांगत होता. "थांबवा ते यंत्र," त्या म्हणाल्या. "झालं तेवढं पुरे."

"काकू, अजून अर्धा राहिलाय."

"राहू द्या."

गालिचेवाल्याला हे लागलं. अर्धा गालिचा सोडून तो आजवर कुठल्या घरातून बाहेर पडला नव्हता. "माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

काकू खुर्चीत बसल्या. "तुमचं नाही हो. हा गालिचा ताईचा आहे."

"कुठल्या ताईचा?" काका म्हणाले. "तू तर बाजारातून आणलास ना?"

"ते तुम्हाला सांगितलं. ताईकडून चार दिवसांसाठी आणला होता. मग तिने मागितला, तेव्हा म्हटलं, उंदरांनी कुरतडला, टाकून दिला. बावीस वर्षं झाली. पाच-सहा वर्षं आतल्या खोलीत लपवला. पुढे इतका मळला, की बाहेर अंथरला तरी तिने ओळखला नाही. खरं सांगायचं तर मीसुद्धा विसरले होते."

"मग पालथा घालू," काकांनी तोडगा काढला.

"मागूनही बदकंच दिसतात, काका," गालिचेवाला म्हणाला.

घड्याळात साडेतीन वाजले होते. मग तिघांनी मिळून सोफा ओढून लाल भागावर आणला. समोर टीपॉय ठेवलं, शेजारी पुस्तकांचं कपाट सरकवलं. काकूंनी एका कोपऱ्यावर कुंडी ठेवली. बैठकीची खोली गोदामासारखी दिसू लागली, पण सगळी बदकं झाकली गेली. एकच राहिलं. सोफा आणि कपाट यांच्या फटीतून एका बदकाची मान बाहेर डोकावत होती. कपाट हलवलं तर दुसरं बदक उघडं पडत होतं.

आणि बेल वाजली.

"तुम्ही इथे उभे राहा," काकू गालिचेवाल्याला म्हणाल्या.

"मी?"

"दोन्ही पाय जुळवून."

ताई आत आल्या आणि फटीत सावधान उभ्या असलेल्या माणसाकडे बघतच राहिल्या. "हे कोण?"

"गालिचेवाले," काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"मग उभे का? बसा ना."

"नको ताई. मी इथेच बरा आहे."

"घामाघूम झालात की! अगं, यांना पाणी तरी दिलंस का?" ताई स्वभावाने मायाळू. त्यांनी स्वतःच टीपॉयवरचा तांब्या उचलला आणि पेला भरून पुढे केला. सोफ्याच्या आडून त्यांचा हात पोचेना. म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवणं गालिचेवाल्याला बरं वाटेना. तो एक पाऊल पुढे झाला.

निळी चोच, निळी मान आणि एक गोल डोळा उघडा पडला.

ताईंच्या हातातला पेला तसाच राहिला. मग काकूंचा बांधच फुटला. "ताई, तुझाच आहे! उंदीर खोटे होते! तू मागितलास तेव्हा द्यायचं जिवावर आलं गं, आणि मग खोटं निस्तरता येईना. ने तू. आत्ताच्या आत्ता ने!"

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला, झरझर जाऊन दाराला आतून कडी घातली आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोल. आपली वहिनी खाली आहे."

"वहिनी?"

"मीच म्हटलं, चल चहाला. गुडघ्यामुळे एकेक पायरी चढतेय. अगं, हा गालिचा माझा कुठला? वहिनीचा आहे. मी तिच्याकडून चार दिवसांसाठी नेला होता. घर बदलताना सामानवाल्यांनी हरवला, असं मी तिला सांगितलं; तेच ती अजून सगळ्यांना सांगते. तू उंदरांनी खाल्ला म्हणालीस, तेव्हा मला किती सुटल्यासारखं झालं होतं!"

जिन्यातून काठीचा आवाज येऊ लागला. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक.

ताई गालिचेवाल्याकडे वळल्या. "यातून निघालेली धूळ टाकून दिलीत का?"

"नाही. पिशवीत आहे."

"मग लवकर करा."

पंधरा वर्षांत असं काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने काकांकडे पाहिलं. काका पिशवीचं तोंड सोडतच होते. त्याने बाह्या वर सारल्या, सोफा मागे ढकलला आणि खाली वाकून विचारलं, "जाड थर देऊ, की पातळ?"