उधोपंतांचे भाषण चिंतोपंतांनी केले त्याची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न असो, आणि ऐकणारे जागे असोत. शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी, ज्या राज्याचे नाव घेण्याची या लेखणीस परवानगी नाही तेथे जे वर्तमान जाहले ते ऐसे. तलवारीने जिंकिले राज्य एक पिढी टिकते, वाणीने जिंकिले ते आचंद्रार्क चालते, ही अक्षरे तेथील दरबाराच्या दारावर कोरिली होती; आणि आत कोणी बोलावयास उभा राहिला की पहिले घोरणे खासा महाराजांचे सुरू होई, मग मानाप्रमाणे सरदारांचे.

त्या दरबारी चिंतो रखमांगद नामे तक्तेनवीस बारा वर्षे चाकरीस होते. मसलत कोणतीही असो, पंतांनी कापडावर चौऱ्यांशी तक्ते लिहावे, अक्षर मोहरीएवढे, दर मुद्द्यापुढे ठिपका, आणि मग दरबाराकडे पाठ करून पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचावे. आणि ऐसे सुखाने चालले असता गेल्या साली उधो महिपत म्हणून नवखा कारकून आला, त्याने एकच तक्ता आणिला, महाराजांकडे तोंड करून बोलला, मध्येच थांबला, आणि महाराज जागे राहिले! त्या दिवसापासून चिंतोपंतांस अन्न गोड लागेना. मग हुकूम सुटला की, तळे बांधावयाची मसलत जो उत्तम मांडील त्यास सभामुखाचे पद आणि पालखी. उधोपंतांचे घर चिंतोपंतांच्या घरास लागून. ते चाळीस दिवस मोठ्याने तालीम करीत, आणि चिंतोपंत चाळीस दिवस भिंतीस कान लावून जळत. तेव्हा कुटुंब सगुणाबाई म्हणाल्या, “अहो, जळायचे तर जळा, पण कानाला चुना लागलाय तो पुसून दरबारात जा. लोक म्हणतील, पंतांचा एकच कान म्हातारा झाला.”

“चूप! थांबलाय तो.”

“मग थांबू द्या की.”

“तुला काय कळतंय? मेल्याचं सगळं त्या थांबण्यातच आहे!”

पुढे नेमिला दिवस आला, दरबार भरला, आणि उधोपंत उभे राहिले. तो तालमीच्या अतिरेकाने त्यांचा घसा पुरता बसलेला. ओठ हलले, आवाज नाही. चिंतोपंतांस आनंद व्हावा, परंतु चाळीस दिवसांची सवय वाईट, पहिले वाक्य वेळेवर आले नाही ते त्यांस सोसवेना, आणि बसल्या जागेवरून त्यांच्याच मुखातून निघून गेले, “महाराज, आज आपल्या स्नानास घागरी किती लागल्या?”

“वीस,” महाराज दचकून म्हणाले. “कोण बोलले? पुढे या. हे गृहस्थ कोण?”

दिवाण म्हणाले, “तक्तेनवीस, सरकार. बारा वर्षे चाकरीत आहेत.”

“आम्ही नाही कधी पाहिले. वळा पाहू. हां! आता ओळखले.”

मग मागे फिरण्यास वाट नाही म्हणून चिंतोपंत बोलत गेले. एका घागरीस बायांना दोन कोस चालावे लागते हे सांगितले, वीस घागरींचे चाळीस कोस जाहले हे सांगितले, आणि थांबले. ऐसे थांबले की चवरी ढाळणाऱ्याचा हात थांबला, आणि महाराजांनी आपले ओले केस हळूच शेल्याखाली घेतले. तळे तेथेच मंजूर जाहले. महाराज म्हणाले, “वाहवा! हे बोलणे बांधले कोणी?”

आता पद एका शब्दावर आले. ‘मी’ म्हणावे तर खोडून काढण्यास उधोपंतांस आवाज नाही. चिंतोपंतांनी तोंड उघडिले आणि सहज उधोपंतांकडे पाहिले, तो त्यांचा चेहरा हिरवापिवळा, ओठ दाताखाली. आपलीच वाक्ये दुसऱ्याने आपल्याहून सरस म्हटली, ते दुःख. चिंतोपंतांनी वर्षभर आरशात पाहिलेला चेहरा तो हाच. आणि त्यांस ऐसा थंडावा वाटला की काय सांगावे! मग त्यांनी विचार केला, माझे म्हणावे तर हा रागावेल, मला चोर म्हणेल, आणि त्या रागात याचे जळणे विझेल. सबब मोठ्याने म्हणाले, “शब्दन् शब्द उधोपंतांचा, सरकार. मी नुसता बोललो.”

सारांश, पद आणि पालखी उधोपंतांस, कीर्ती चिंतोपंतांस, तळे रयतेस, आणि मत्सर ज्याचा त्यास पावला. उरले बक्षीस. महाराज खूष होऊन म्हणाले, “चिंतोपंत, गाव मागा, इनाम मागा, मागाल ते दिले.” चिंतोपंतांनी हात जोडिले आणि अर्ज केला, “सरकार, शेवटचा भाग तेवढा पुन्हा एकदा म्हणू काय? उधोपंतांचे तोंड नीट पाहावयाचे राहिले.”