सुमनताईंची खुर्ची आणि घानाची आमा

आमच्या कळंबमध्ये साखरपुड्याला जा, बाराव्याला जा, नाहीतर ग्रामसभेला जा, सुमनताई स्वतःची खुर्ची घेऊन आलेल्या असतात. लोखंडी, घडीची, हिरव्या पट्ट्यांची. मंडपात शंभर खुर्च्या मांडलेल्या असोत, ताई बसणार त्या हिरव्या पट्ट्यांवरच. एकदा कशेळ्याला जीपवाला म्हणाला, "ताई, खुर्ची टपावर टाकतो."

"खुर्ची आत राहू दे रं," ताई म्हणाल्या. "टपावर मी बसते."

कळंबपर्यंत खुर्ची आम्हा दोन माणसांच्या मांडीवर बसून आली. त्यातला एक मी.

ही भानगड काय, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. "आमा सांगून गेलीय. बाईनं आपली खुर्ची सोडायची नाय."

मी शेजारी राहायला आलो तेव्हा मला वाटलं, आमा म्हणजे ताईंची मुरबाडकडची कुणी मावसबहीण असेल. चौकशी केल्यावर कळलं, आमा घानाच्या संसदेत खासदार आहे. घाना आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. नकाशात शोधायला मला चष्मा लागला. ताईंनी बोट थेट तिथंच टेकवलं.

ताई महिला राखीव जागेवर सरपंच होत्या, तेव्हाची गोष्ट. परदेशातल्या काही खासदार बायका इकडच्या ग्रामपंचायती बघायला आल्या होत्या. त्यातली एक आमा. सोबत दुभाषी मुलगी होती. आमा एक दुपार ताईंच्या शेजारी बसली, तांदळाची भाकरी खाल्ली, चार प्रश्न विचारले आणि गेली. ताईंच्या घरातून मात्र ती आजतागायत हललेली नाही.

मी आयुष्यभर हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर मला एकच विद्यार्थिनी उरली. दर शनिवारी सकाळी नऊला ताई माझ्या ओट्यावर खुर्ची उघडतात आणि मी मोबाइलवर आमाच्या बातम्या शोधून त्यांना मराठीत सांगतो. शनिवारच का? तर तिकडे वारावरून नाव ठेवतात, आणि आमा म्हणजे शनिवारी जन्मलेली मुलगी. मी जरा मोठ्यानं वाचायला लागलो की ताई दटावतात. "हळू, सर. तिकडं आता पहाटेचे साडेतीन वाजलेत. झोपली असंल ती."

एव्हाना आमाचं चरित्र मलाही पाठ झालंय. आई बाजारात सुकी मासळी विकायची. ("म्हंजे आपल्यातलीच की!" इति ताई.) आमा शिकून मास्तरीण झाली, गावच्या पाण्यासाठी भांडली, पहिल्या निवडणुकीत पडली, दुसरीत निवडून आली. सुरुवातीला ती संसदेत बोलायला उभी राहिली की बाकीचे हसायचे. ती गप्प उभी राहायची. हसणं संपलं की भाषण पहिल्या वाक्यापासून सुरू करायची. ही हकिगत ताईंनी माझ्याकडून निदान दहा वेळा वाचून घेतली असेल.

"पुन्हा पहिल्यापासनं?"

"पुन्हा पहिल्यापासून."

"बाई हाय का कोण!" असं म्हणून ताई मांडीवर थाप मारायच्या.

त्यांच्या भिंतीवर त्या दुपारचा फोटो आहे. आमा डोक्याला पिवळं फडकं झोकात बांधून हसतेय. शेजारी सरपंचाच्या खुर्चीत ताई. हसणं सोडाच, त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरलेत. मला त्या फोटोचं फार कुतूहल होतं. एकदा विचारलंही. "तवा फोटोची सवय नव्हती," म्हणून त्यांनी विषय संपवला.

यंदा तिकडे निवडणूक लागली. ताईंनी गावदेवीला नारळ बोलला. देवीला आमाचा मतदारसंघ कळावा म्हणून त्याचं नाव माझ्याकडून कागदावर लिहूनही नेलं. निकाल लागला आणि आमा पडली. एका शनिवारी मी नेट नसल्याची थाप मारली. दुसऱ्या शनिवारी तोंड उघडणार, एवढ्यात ताईच म्हणाल्या, "पडली ना? सर, तुमाला खोटं जमत नाय."

मी मान हलवली. ताईंनी अंगणाकडे तोंड वळवलं.

"आता कोण असंल तिच्या घरी?"

"असतील की माणसं."

"कोण नसतं, सर. पद हाय तंवर दारात चपला मावत नाय. माज्या सरपंचकीची मुदत सरली, दुसऱ्या दिशी सवयीनं मोठं पातेलंभर चहा टाकला. प्यायला कोण आलं नाय." मग पदर सावरून म्हणाल्या, "कागद घ्या. लिवा."

मी वही घेतली.

"लिवा, त्या दिशी मी तुला खोटं सांगितलं. तू इचारलंस, ह्या खुर्चीत रोज तूच बसतीस ना? मी हो म्हनले. पाच वर्षं तिच्यात आमचे हे बसले. मी दाराशी सतरंजीवर बसायची, बोलावलं की सही करायची. तू आलीस त्या एका दुपारी मी बसले. हे बाहेर उभे होते. तुजी गाडी वळली की उठायचं, असं ठरलं होतं."

माझा हात थांबला. गावात सगळे ताईंच्या यजमानांनाच सरपंच म्हणायचे, हे मी ऐकलं होतं. माणूस वाईट नव्हता, आता हयातही नाही. पण त्या फोटोतले हात आत्ता कुठं मला कळले.

"आणि ही खुर्ची?" मी विचारलं.

"मुदत सरल्यावर घेतली. तिला हो म्हनले होते ना? ते खरं कराया नको?"

त्या खुर्चीवर मी गावभर विनोद केले होते. मला मनापासून लाज वाटली.

पत्र मोबाइलवर इंग्रजीत उतरवलं. संसदेच्या वेबसाइटवर तिच्या कचेरीचा ई-मेल पत्ता अजून होता. "शेवटी काय लिहू, ताई? धीर धर म्हणून?"

"नको. रडायचं असंल तर रडू दे तिला. एवढंच इचारा, जेवलीस का."

मी तेवढंच लिहिलं आणि पुन्हा एकदा वाचून बघू लागलो, चांगलं मोठ्यानं. या वेळी ताईंनी मला दटावलं नाही.

"धाडा आता, सर," त्या म्हणाल्या. "तिकडं साडेचार वाजलेत. जागीच असंल ती."