घंगाळाची संमती

दुखण्याच्या गोळीला तांबं जोडलं की दुखणं माणसातून निघतं आणि घरातल्या तांब्याच्या भांड्यात जातं. पितळ जोडलं तर पितळेच्या भांड्यात जातं. ॲल्युमिनियम जोडू नये, दुपारपर्यंत परत येतं. सरकारने हे काम आम्हा तांबटांकडे दिलंय, कारण डॉक्टरलोकांना जोडकाम येत नाही. शिकवलं तरी येत नाही, मी दोघांना शिकवून बघितलं.

दुखणं आलेलं भांडं जरा सांभाळावं लागतं, एवढंच. दळव्यांच्या हंड्याची कंबर धरलीय, म्हणून ते तो अर्धाच भरतात.

माझ्या बायकोचे, भामाचे, गुडघे दहा वर्षं दुखत होते. रविवारी लेकीच्या बाळाचं बारसं होतं आणि लेक राहते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भामा तर घरचा उंबरा चढताना चौकट धरायची. तरी गोळी घेईना. आमच्या घरात तांब्याचं भांडं एकच उरलंय, तिच्या आईने लग्नात दिलेलं घंगाळ.

"माझ्या आईच्या वस्तूला गुडघेदुखी लावू?"

"घंगाळाला गुडघे कुठायत?"

"म्हणून तर. बिचाऱ्याला कळायचंही नाही, काय दुखतंय ते."

तरी मी दवाखान्यात अर्ज टाकला. दुसऱ्या दिवशी परिचारिका ढोबळेबाई वही घेऊन आल्या. नियमाप्रमाणे भांड्याची संमती लागते. बोटाने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर होकार, बद्द वाजलं तर नकार.

त्यांनी तीनदा वाजवलं. घंगाळ तिन्ही वेळा खणखणलं.

"होकार आहे, मावशी."

"ते सगळ्यांनाच हो म्हणतं," भामा म्हणाली. "आई पण तशीच होती."

ढोबळेबाईंनी तेही वहीत लिहून घेतलं.

शनिवारी भामाने घंगाळ चिंचेने घासलं, उन्हात ठेवलं, त्याच्याशी काहीतरी बोलली आणि मला म्हणाली, "करा काय करायचं ते."

मी गोळीला तांब्याचा पत्रा जोडला. मग भट्टीवर धरली, नवसागर टाकला आणि कथलाचा हात फिरवला. म्हणजे कल्हई केली. पोटात जाणाऱ्या वस्तूचा संबंध तांब्याशी आला की आधी कल्हई, हे माझ्या हाताला कुणी सांगावं लागत नाही. साठ वर्षं तेच केलंय. गोळी चांदीसारखी चमकली तेव्हा मला बरंच वाटलं. भामाने माझ्यासमोर ती गिळली.

कल्हई कशाला असते? आतलं काही तांब्याला लागू नये म्हणून. दुखणं भामातून निघालं, पण कल्हईमुळे त्याला तांबं सापडेना. जवळ मी बसलो होतो.

रविवारी भामा चारही मजले चढून गेली. मी दुसऱ्यावर बसलो. वरून पाळण्याचं गाणं ऐकू आलं. आवाज तिचाच, नेहमीसारखा बेसूर. माझा पेढा खाली पाठवला.

सोमवारी ढोबळेबाई आल्या.

"काका, तुमची संमती घ्यायची राहिली."

"आता काय उपयोग?"

"वहीत रकाना आहे." त्यांनी माझ्या टाळक्यावर बोटाने वाजवलं. बद्द वाजलं. "नकार," त्या म्हणाल्या आणि तसं लिहिलं. "पण बदली झालेली आहे. आता काही करता येत नाही."

भामा म्हणाली, "माझं मला परत द्या. दहा वर्षं मी सांभाळलंय." मी दिलं नाही. दिलं असतं तर बाळाला बघायला ती परत कशी जाणार? दर रविवारी जाते. पायऱ्या मोजून येते आणि मला सांगते, जसं काही मी विचारलंय.

आता सकाळी ती घंगाळात ऊन पाणी ओतते आणि मी त्यात पाय सोडून बसतो. पाणी फार गरम झालं का, ते ती घंगाळालाच विचारते. मग जाता जाता माझ्या टाळक्यावर वाजवते. परवा जरा खणखणीत वाजलं, असं तिचं म्हणणं आहे. मला काही तसं ऐकू आलं नाही.