तब्येत सुधारली, मेळ बिघडला

"म्हणजे आपली माणसं ठणठणीत आहेत, हे वाईट झालं?" विल्फ सग्डेनने तिसऱ्यांदा विचारलं.

"वाईट नाही. महाग," फिलिपा म्हणाली.

ब्रशच्या कारखान्याच्या जेवणघरात पेन्शन फंडाची बैठक चालली होती. कारखाना ज्युडिथचा, तिच्या वडिलांनी मागे ठेवलेला. विल्फ तिथला निवृत्त मॅनेजर आणि आता फंडाचा अध्यक्ष. फिलिपा ही लीड्सहून येणारी हिशेबतज्ज्ञ. ती चहात दूध घालत नसे, त्यामुळे विल्फला तिच्यावर पुरता भरवसा ठेवणं जड जाई.

फंडाचं काम तसं सोपं होतं. कोणत्या वर्षी किती पेन्शन द्यावं लागेल ते मांडायचं आणि त्याच वर्षी पैसे परत देणारे सरकारी रोखे घेऊन ठेवायचे. लग्नं जमवणाऱ्या आत्याबाईंच्या उत्साहाने विल्फने पेन्शन आणि रोख्यांच्या जोड्या लावल्या होत्या. अडचण एकच. रोख्याची मुदत कधी संपते ते कागदावर छापलेलं असतं. पेन्शन घेणाऱ्या हॅरल्ड बूथच्या अंगावर तसं काही छापलेलं नव्हतं.

आता सगळा फंड एका विमा कंपनीच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं ठरलं होतं. कंपनीची नर्स प्रत्येकाला फोन करून तब्येत विचारणार. माणसं जितकी आजारी तितकी कमी वर्षं पेन्शन द्यायचं, म्हणून तितकी कंपनीची किंमत कमी. ऑलरशॉ गावातल्या म्हाताऱ्यांच्या एकेक व्याधी पाहता हातातल्या रोख्यांत काम आरामात भागलं असतं. पण आमच्या ऑलरशॉत तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं असतं: "तक्रार नाही." पाय प्लास्टरमध्ये असला तरी तक्रार नाही. नर्सने सगळ्यांना फोन केले आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. कंपनीने किंमत वाढवली आणि मेळ बिघडला.

"खड्डा मलाच भरावा लागेल," ज्युडिथ म्हणाली. "विकण्यासारखी मागची शेड तेवढी आहे."

मागच्या शेडमध्ये तीस माणसं कामाला होती. विल्फने टोपी उचलली. "मी बोलतो सगळ्यांशी. नर्सला म्हणावं, पुन्हा फोन कर."

"खोटं बोलायला सांगू नका हं कुणाला," फिलिपा म्हणाली.

"खोटं कशाला, पोरी? खरं बोलले तरी पुरे."

तो पहिल्यांदा गेला हॅरल्डकडे. हॅरल्डच्या बायकोने केक कापून पुढे ठेवला.

"हॅरल्ड, तुला हृदयाचे दोन झटके येऊन गेले. नर्सला सांगितलंस का?"

"त्यात काय सांगायचं? पहिला तर रविवारी आला होता. कामाचा खाडासुद्धा झाला नाही."

"तरी सांग. तू आजारी आहेस."

"कोण म्हणतं?"

"तुझं हृदय म्हणतं."

हॅरल्डने डोळे बारीक केले. "आणि मी सांगितलं की पेन्शन बंद करणार. ओळखतो मी तुम्हा ऑफिसवाल्यांना."

"अरे बंद कशाला होईल? उलट तू लवकर..." हे वाक्य कुठे चाललंय ते विल्फच्या उशिरा लक्षात आलं. "म्हणजे, तू फार दिवस... असं कंपनीने धरलं, तर सगळ्यांचंच भलं आहे."

हॅरल्डच्या बायकोने केकची बशी उचलून आत नेली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं: विल्फ सग्डेन घरोघर फिरून कोण कधी मरतंय ते बघतोय. मग काय, सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. हॅरल्ड शिडीवर चढून छपराची पन्हाळ साफ करू लागला, तीही स्वतःची नाही, शेजाऱ्याची. पेन्शनवाल्या एडनाबाईंनी प्राणवायूचं नळकांडं कपाटात कोंडलं आणि नर्सला सांगितलं की मी गुरुवारी नाचायला जाते. ते सांगताना दोनदा धाप लागली, ती नर्सने नाचून आल्याची धरली. खड्डा दुप्पट झाला.

"तुमच्या मदतीशिवाय बरं चाललं होतं," फिलिपा फोनवर म्हणाली. "आता पुन्हा फोन व्हायचे तुम्ही एकटेच उरलात. आणि सगळ्यांत मोठं पेन्शन तुमचंच आहे."

नर्सचा फोन आला तेव्हा विल्फने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"कसे आहात, मिस्टर सग्डेन?"

"तक्रार..." त्याने जीभ चावली. शेडमधली माणसं डोळ्यांपुढे आली. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "छातीत दुखतं. ईस्टरपासून. चढ चढताना डावा हात भरून येतो. मग मी बाकावर बसतो आणि देखावा बघतोय असं दाखवतो."

"घरी कुणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच सांगतोय."

दार उघडलं. त्याची बायको डोरीन चहाचा कप घेऊन उभी होती.

"ईस्टर," ती म्हणाली. "त्यानंतर तू पलंग उचलून माडीवर नेलास."

"तूच म्हणालीस ने म्हणून."

"पलंग?" फोनमधून नर्सने विचारलं. "कधी?"

डोरीन ओरडली नाही. आमच्याकडे बाई ओरडली नाही की समजावं, काही खरं नाही. तिने कोट घातला, गाडीची किल्ली घेतली आणि तासाभरात विल्फ लीड्सच्या दवाखान्यात पाठीमागे उघडं राहणारं झबलं घालून पडला होता.

डोरीन मात्र बाहेर बसून घरोघर फोन लावत होती. "तुझ्याला नीट विचार गं. माझ्याने ईस्टरपासून लपवलंय." विल्फला जे जमलं नव्हतं ते बायकांनी दोन दिवसांत केलं. हॅरल्डची बायको नर्सशी इतका वेळ बोलली की नर्सला फोन दुसऱ्या कानाला लावावा लागला. एडनाबाईंच्या मुलीने नळकांडं कपाटातून बाहेर काढलं. फिलिपाने कळवलं, जुळलं, शेवटच्या रोख्यापर्यंत जुळलं.

त्याच दुपारी डॉक्टर हसत आले. "रक्तवाहिनीत दोन नळ्या बसवल्यात. झकास झालंय. आता वीस वर्षं कुठे गेली नाहीत."

विल्फचं तोंड उतरलं. "वीस? जरा कमी नाही का धरता येणार?"

डॉक्टरांनी डोरीनकडे पाहिलं.

"आनंद झालाय त्याला," ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्या गावात तो असाच दिसतो."

विल्फने हट्ट धरला की कंपनीला कळवायलाच हवं. फिलिपाने कळवलं. पुन्हा खड्डा पडला, अख्खा विल्फच्या एकट्याच्या नावाचा. रविवारी ज्युडिथ द्राक्षं घेऊन आली तेव्हा त्याला तिच्याकडे बघवेना.

"माफ कर पोरी. मी बरा झालो."

"किती?"

"डॉक्टर वीस म्हणतात."

ज्युडिथने त्याच्यासाठी आणलेली द्राक्षं स्वतःच खायला सुरुवात केली. बराच वेळ खाल्ली. "शेड वाचते," ती म्हणाली. "नवी व्हॅन घ्यायची राहू दे, ते पैसे खड्ड्यात घालू. जुनीच ढकलू." मग ती म्हणाली, "अंकल विल्फ, बाबांनी तुम्हाला मरेपर्यंत पेन्शन कबूल केलं होतं. कधी मरायचं ते नव्हतं ठरवलं."

विल्फला फार बरं वाटलं आणि फार लाजही वाटली. ज्युडिथने त्याचा हात हातात घेतला.

"खरं सांगा, कसं वाटतंय आता?"

डोरीन मागून दोन्ही हातांनी नको नको म्हणून खुणा करत होती. सकाळपासून तीन नर्सेस, एक सफाईवाला आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस हा प्रश्न विचारून पस्तावले होते. पण उशीर झाला. विल्फने पाठीमागची उशी नीट लावून घेतली.

"बस इथे, पोरी," तो म्हणाला. "गुडघ्यांपासून सुरू करतो."