आधी 'आरंभ'

पुस्तकावरचं प्लास्टिक टर्रकन फाडताना काकांना कसलीही शंका आली नाही. पाच पुस्तकांच्या मालिकेत एकाचं नाव 'आरंभ' असेल, तर सुरुवात कुठून करायची हे कुणाला विचारायला कशाला हवं? शिवाय ते लिफ्ट दुरुस्त करणारे. तळमजला सोडून चौथ्या मजल्यापासून मोजायला लागणारा माणूस त्यांच्या धंद्यात टिकत नाही.

त्यांना काका म्हणणारी घरात एकच व्यक्ती होती, बायकोची चौदा वर्षांची मुलगी. घरात पावलांचा आवाज न करता वावरते म्हणून आई तिला मनी म्हणायची. काकांचं आणि मनीच्या आईचं लग्न होऊन अजून वर्ष झालं नव्हतं. मनी उद्धट अजिबात नव्हती. विचारलं की उत्तर द्यायची. पण ती उत्तरं 'हं', 'माहीत नाही' आणि 'आईला विचारा' या तिन्हींत संपायची. जेवणाच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसली की मिठाच्या बरणीलासुद्धा अवघडल्यासारखं व्हावं.

"तिच्या पुस्तकांबद्दल बोला तिच्याशी," आई म्हणाली होती. ती इस्पितळात नर्स होती. रोगी बोलत नसला तर नाडी कुठे सापडते ते तिला बरोबर कळायचं. "जीव आहे तिचा त्या पुस्तकांवर."

म्हणून मनी शाळेत गेल्यावर काकांनी तिच्या फळीवरून 'जागं शहर' या मालिकेतलं 'आरंभ' उचललं, हत्यारांच्या पिशवीत टाकलं आणि कामावर गेले.

गोष्ट एका मुलाची होती. आजारी धाकट्या बहिणीच्या उशाशी तो जागत बसतो. एका रात्री त्याचा डोळा लागतो आणि पहाटे बहीण उरलेली नसते. काका गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बसून वाचत होते. डबा उघडाच राहिला. त्या मुलाला पोटाशी धरावं आणि सांगावं, 'अरे, झोप कुणाला चुकली आहे का?' असं त्यांना फार वाटलं. एवढ्यात खालून आरडाओरडा झाला. लिफ्ट अडकली होती.

काका पुस्तक काखेत मारून धावले. किल्लीनं दार उघडलं, तर लिफ्ट अर्धी वर, अर्धी खाली. आतल्या बाईंचा चेहरा काकांच्या बुटांच्या उंचीवर आला होता. बाई शाळेत शिक्षिका होत्या, हे त्यांच्या पहिल्याच वाक्यावरून कळलं.

"इतका उशीर का? आणि काखेत काय आहे ते?"

"पुस्तक."

"ते दिसतंय मला. 'आरंभ' ना? आधीची चार वाचलीत?"

"नाही. म्हणजे, हे पहिलंच ना?"

बाई स्वतःची अडचण विसरल्या. "अहो, 'आरंभ' शेवटी वाचायचं असतं! शेवटी लिहिलंय, शेवटीच वाचायचं. माझ्या वर्गातल्या मुली ते जिवापाड राखून ठेवतात. आधीची चार पुन्हा वाचून झाल्याशिवाय वरचं प्लास्टिकसुद्धा काढत नाहीत."

काकांनी पुस्तक हळूच पाठीमागे नेलं. "प्लास्टिकसुद्धा?"

"अर्थात! नाहीतर तो मुलगा मोठेपणी महापहारेकरी होतो, शहरात कुणाला झोपूच देत नाही, ही गंमत कशी कळणार?"

"तो?" काका मटकन पायरीवर बसले. "तो असा निघतो?"

"निघतो. आता तुम्ही उठा आणि मला बाहेर काढा!"

घरी परतेपर्यंत काकांनी एक उपाय शोधला होता. स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक पुस्तकाभोवती गुंडाळायचं आणि केस वाळवायच्या यंत्रानं त्यावर गरम हवा सोडायची, म्हणजे ते चापून बसेल. ते बसलं. फक्त बसताना त्यानं मुखपृष्ठही आवळलं आणि पुस्तकाला तव्यावरच्या पोळीसारखा फुगा आला.

मग काका दुकानात गेले. सुटं 'आरंभ' संपलं होतं, पाचांचा संच होता. नाइलाजानं तो घेतला. घरी येऊन बघतात तर नव्या आवृत्तीची मुखपृष्ठं निळी आणि मनीची पिवळी! चार पिवळ्यांत एक निळं म्हणजे पांढऱ्या शर्टावर शाई. त्यावर एकच मार्ग होता, पाचही बदलायची. काकांनी निळी पाच फळीवर लावली, पिवळी पाच हत्यारांच्या पिशवीत कोंबली आणि रंगाचा फरक मुलीच्या लक्षात येणार नाही अशी स्वतःची समजूत घातली. माणूस एकदा लपवाछपवीला लागला की त्याची अक्कल पहिल्या मजल्यावर उतरून निघून जाते.

मनी शाळेतून आली, खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली. एवढ्या महिन्यांत काकांनी तिचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"माझी पुस्तकं कुठायत?"

"ती काय, फळीवर..."

"ही माझी नाहीत! माझ्या आधीच्या चारही पुस्तकांत मी पेन्सिलीनं लिहिलं होतं. प्रत्येक पानावर!"

काकांनी मुकाट्यानं पिशवी आणली. पाना आणि पक्कड बाजूला सारून एकेक पिवळं पुस्तक टेबलावर ठेवलं. दुसऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता. शेवटी फुगलेलं 'आरंभ' बाहेर आलं. मनी त्याच्याकडे बघत राहिली. काकांनी प्लास्टिकपासून निळ्या संचापर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना आपण किती मूर्ख आहोत हे त्यांनाच वाक्यागणिक जास्त पटत गेलं.

"मला तुझ्याशी बोलायला काहीतरी विषय हवा होता गं," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

मनीनं पुस्तकाचा फुगा बोटानं दाबून बघितला. मग म्हणाली, "सगळं वाचलंत?"

"अर्धं. एक अक्षर सांगणार नाही. पण तो पोरगा बिचारा..." काकांनी जीभ चावली.

"कुठला पोरगा?" मनीचे डोळे बारीक झाले. "महापहारेकरी? त्याला तुम्ही बिचारा म्हणताय? त्यानं चार पुस्तकं लोकांना झोपू दिलं नाही! डुलकी लागली म्हणून म्हाताऱ्यांना तुरुंगात टाकलं!"

"टाकलं असेल. चुकलंच त्याचं. पण..."

"पण काय?"

"तू त्याला पहिल्यांदा बघितलंस तेव्हा त्याच्या हातात दंडुका होता. मी बघितलं तेव्हा तो बहिणीच्या कपाळावर ओल्या कपड्याची घडी ठेवत होता. मला कसा येणार त्याचा राग?"

"तुम्ही चुकीच्या क्रमानं वाचलंत म्हणून!"

"असेल. पण एखादा माणूस आपल्याला मधूनच भेटला, तर त्याच्या आधीच्या गोष्टी आपल्याला कुठे माहीत असतात?"

हे काका महापहारेकऱ्याबद्दलच बोलले होते. मनीनं मात्र मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं पहिलं पिवळं पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

"हे वाचा. माझ्या पेन्सिलीसकट. बघू तरी तुम्हाला त्याचा राग कसा येत नाही. मी 'आरंभ' घेते. आणि मध्ये बोलायचं नाही!"

"नाही बोलत."

पण पहिल्या दहा पानांतच काका म्हणाले, "अगं, हा तर फारच दुष्ट आहे!" आणि मनी तिकडून नाक ओढत म्हणाली, "थांबा, त्याची बहीण खोकतेय."

आई कामावरून आली तेव्हा टेबलावर दहा पुस्तकं पसरलेली, चूल थंड, आणि दोघं डोकी खुपसून बसलेली. "जेवणाचं काय?" या प्रश्नाला दोघांकडून एकदमच 'हं' असं उत्तर आलं. आईनं खुर्ची ओढली, पसाऱ्यातलं चौथं निळं पुस्तक उचललं आणि सरळ शेवटचं पान उघडलं.

"आई! काय करतेस?"

"मुखपृष्ठावरची ही मुलगी शेवटी जगते ना, एवढं बघते. कळलं की मग निवांत वाचेन. मला शेवट माहीत नसला की धड वाचवत नाही."

काका ताडकन उठले आणि त्यांनी पुस्तकाची एक बाजू धरली. मनीनं टेबलावरून झेप घेऊन दुसरी धरली.

"ठेव ते!" ती किंचाळली. "आपल्या घरात असं वाचत नाहीत! सांगा ना हिला, काका!"

'आपल्या' हा शब्द काकांच्या कानात शिरला आणि त्यांची पकड क्षणभर सैल पडली. तेवढ्यात आईनं शेवटची ओळ वाचून घेतली.