माटोळीची गाठ

सर्वण गावातले आमचे शेजारी भानूकाका माणसाचं तोंड आधी बघत नाहीत, गाठ बघतात. बुटाची, पिशवीची, असेल ती. माझी लुंगी बघून तर म्हणतात, "बाबल, ही गाठ नाय रे, अफवा!" खरंच आहे. डिचोलीच्या बसस्टँडवर ती अफवा सुटली तेव्हा पणजीची अख्खी बस एका बाजूला कलली होती.

चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर रानफळं बांधलेली लाकडी चौकट टांगतात, ती माटोळी. ती बांधायची काकांनीच. काकी होती तोवर गाठीवर बोट धरायची तेवढी तिला परवानगी. ती गेल्यावर काका दोरी दातांत धरू लागले. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात वळेना. त्या वर्षी माटोळी मी बांधली. आरती सुरू झाली नि नारळ सुटला. गणपती वाचला, कारण मध्ये माझं डोकं होतं.

काका खुर्चीतून गरजले, "फुडल्या वर्सा मीच बांधतलंय! नायतर माटोळीच नाय."

म्हणून हाताला व्यायाम द्यायला पणजीच्या हॉस्पिटलात रोबो. सोबतीला मी. दारातच चपला काढून मी त्याला नमस्कार केला. ते थंड पाण्याचं मशीन निघालं. खरा रोबो म्हणजे हात घालायचा नुसता पंजा. समोर पडद्यावर सफरचंदं, ती उचलून टोपलीत टाकायची.

काका भडकले. "सफरचंद कोणाच्या माटोळेक असता गो बाय? तोरंजन घाल!"

"काका, यात ते मोठ्ठं लिंबू, तोरंजन, नाही हो," थेरपिस्ट बिचारी रडकुंडीला.

पण एक गोष्ट काकांना पटली. मशीन आधी थांबायचं. काकांची बोटं जरा हलली की मगच उरलेला जोर लावायचं.

"शाणां मशीन," काका म्हणाले. "वाट बघता. तुझ्यासारखां मधीच उडी मारणा नाय."

मीही हात घालून बघितला. एकही सफरचंद टोपलीत पडेना. बाईनं विचारलं, "तुमच्यातला पेशंट कोण?"

यंदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकांनी माटोळीची चौकट पुढ्यात घेतली. कसाबसा का होईना, तोरंजनाला दोरीचा फेर पडला. आवळायला गेले की सैल. परत तेच. मी पुढे सरलो.

"हात मागे!"

दोरी तोंडात धरून बघितली. पण झटक्यानं ओठ वाकडा झालेला, दोरी राहीना.

दोरी मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, "बाबल, बोट ठेव. हय. ओढू नको. मशीनसारखी वाट बघ."

मी वाट बघितली. काकांनी गाठ आवळली, माझ्या बोटासकट.

"काका, बोट अडकलं."

"अडकां दे. तुझ्या काकीचां पण अडकायचां."

आणि गाठीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिले.